रोमिंगमधलं घर

"साहेब, तुम्ही तुमच्या आईशी रोज किती एमबी बोलता?"

प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हता. माझ्या वर्गातल्या वृषाली आणि नाझनीननं पैज लावली होती. विचारून दाखव, नाहीतर उद्यापासून शाळेत तुझं नाव घाबरट गावडे. मी तेव्हा आठवीत होते. त्याच महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आले होते आणि जगानं माझ्यापुढं माईक धरायचाच काय तो उशीर, असं मला वाटत होतं. मी उठले, ओढणी झटकून मागे टाकली आणि खणखणीत आवाजात विचारलं.

ग्रामपंचायतीचा हॉल खदाखदा हसला. मागच्या खिडकीत बसलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

टेबलाशी उभा असलेला मोबाईल कंपनीचा साहेबही हसला. माणूस वाईट नव्हता. घाटातून गाडी आणताना त्याला मळमळलं होतं म्हणून लिंबू चोखत चोखतच तो सगळ्यांना समजावत होता.

"आईशी मी कॉलवर बोलतो, बाळ," तो म्हणाला. "आणि कॉलला आम्ही कुठं हद्द घातलीय? चोवीस तास बोला. हद्द फक्त इंटरनेटला आहे, तीही रोमिंगवरच्या."

हसणं हळूहळू विरलं. माझी आई कोण, हे त्या साहेबाला सोडून हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. ती आणि बाबा मधल्या रांगेत बसून लोकांची तोंडं बघत होते. लोक हसले तेव्हा तेही हसले होते. आता थांबले.

सरपंच तातोबाकाका घसा खाकरून म्हणाले, "साहेब, हिचे आईबाप दोघंबी मुकेबहिरे हायत. कॉलचं लोणचं घालायचं व्हय त्यांनी? थोरली लेक दिलीया इचलकरंजीला. तिच्याशी रोज संध्याकाळी व्हिडिओवर हातांनी बोलत्यात."

साहेबाचा चेहरा खरंच उतरला. त्यानं लिंबू कागदात गुंडाळलं, इकडं तिकडं बघितलं, आणि मग त्याला माझ्यातच उत्तर सापडलं.

"पण ही आहे की! केवढी धीट मुलगी आहे. बाळ, ताईचा कॉल आला की तू ऐकायचं आणि आईबाबांना हातांनी सांगायचं. मिटलं ना?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "पोरगी वस्ताद हाय!" कुणीतरी ओरडलं. बाबांनी लांबूनच खूण केली, काय झालं? मी खूण केली, माझं कौतुक झालं. त्यांनी शेजारच्या माणसाच्या मांडीवर आनंदानं थाप मारली.

आता मी दहावीत आहे. तो साहेब पुन्हा कधी आला नाही, आणि मधल्या काळात आमच्याकडं टॉवरही झाला. पण त्या हिवाळ्यात मात्र सगळं उंबरमाळ गाव रोमिंगमध्ये होतं. आमच्या कंपनीचा टॉवर डोंगराच्या पलीकडं. अलीकडं ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडं कर्नाटक. तिथला टॉवर दुसऱ्याच कंपनीचा, पण त्याची रेंज आमच्या चुलीपर्यंत यायची. म्हणजे घरात बसून प्रत्येक फोनवर रोमिंगचा तो इंग्रजी आर. तातोबाकाका म्हणायचे, आपण जन्मभर पाहुणेच. इतके दिवस कंपनीनं चालवून घेतलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हे गाव नुसतं दुसऱ्याच्या टॉवरवर जगतंय, आणि हद्द आली. हद्द ओलांडली की महिनाअखेरपर्यंत इंटरनेट बंद. पुन्हा ओलांडली तर त्या नंबरचं कायमचं बंद.

ज्यांचे पाहुणे कर्नाटकात होते त्यांनी तिकडची कार्डं आणली. आमचं तिकडं कुणी नव्हतं. बाबा आणि मी बेळगावला एका दुकानात जाऊन आलो, तर दुकानदारानं आधार कार्ड उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, पत्ता महाराष्ट्राचा आहे, आम्ही देत नाही. मी बाबांना सांगितलं. बाबांनी त्यालाच नमस्कार केला आणि आम्ही परत आलो.

बाबा शिंपी. बाजारपेठेच्या टोकाला आमचं दुकान, त्यावर 'गावडे टेलर्स' अशी पाटी होती, पण गाव 'मुक्याचं दुकान' म्हणे. बाबा कापत, आई शिवे. बाबा लहानपणी कोल्हापूरला मूकबधिर शाळेत थोडं शिकले होते, त्यांना गिऱ्हाइकांची नावं आणि मापं लिहिता यायची. आई शाळेत गेलीच नव्हती. तिची भाषा तिनं स्वतः केलेली. कुकर म्हणजे काय, मामा म्हणजे काय, शनिवार म्हणजे काय, सगळ्याच्या तिच्या खुणा होत्या आणि त्या जगात चौघांनाच कळायच्या. ताईला त्या माझ्याआधी आल्या. आई सांगते, ताई बोलायच्या आधी हातांनी भाकरी मागायची.

ताईचं लग्न झालं तेव्हा आईनं बाकी काही नाही, एक मोठ्या पडद्याचा फोन घ्यायला लावला. रोज दिवेलागणीला ती तो शिवणयंत्राच्या मेजावर, दोऱ्याच्या रिळांना टेकवून उभा करी. ताई तिकडून दिसायची, पाठीमागं सासरची भिंत. दोघींचे हात असे चालायचे की मला मधे शिरायला फट मिळत नसे.

"माझ्याशी पण बोल की," मी ओरडायचे.

"तुझं तोंड दिवसभर चालूच असतंय, बारके. आईला बोलू दे," ताई म्हणायची.

गोड बातमीसुद्धा तिनं तशीच दिली. आधी पोटावर हात ठेवला, मग बाळाची आमची खूण केली, अंगठा तोंडात. आईनं फोन उचलून त्याला कपाळ टेकवलं. पडद्यावर नुसता अंधार. ताई तिकडून हसत ओरडत होती, "बारके, तिला म्हणावं बाजूला हो, मला दिसेना!"

बोलता बोलताच एका संध्याकाळी ताईचा हात हवेत थांबला. आई वाट बघत राहिली. तिला वाटलं, ताई विचार करतेय. मग पडद्यावर संदेश आला, आपली रोमिंग मर्यादा संपली आहे.

हेल्पलाइनला मी फोन लावला. खूप वेळ गाणं वाजल्यावर एक मुलगी आली, आवाज अगदी साखरेचा.

"मॅडम, आपण आपल्या होम नेटवर्कमध्ये परत गेलात की सेवा सुरू होईल."

"मी होममध्येच आहे. आमच्या घरात."

"नाही मॅडम, सिस्टिमला तुम्ही बाहेर दिसताय."

"अहो, मी चुलीपाशी बसलेय!"

"आपली गैरसोय समजू शकते मॅडम. अजून काही मदत करू?"

नव्या महिन्यात इंटरनेट सुरू झालं. आई सांभाळून बोलली, भराभर, अर्धे हात. तरी हद्द ओलांडलीच. त्यानंतर आमच्या नंबरचं कायमचं बंद झालं. कॉल मात्र चालू राहिले, कितीही.

मग साहेबानं सांगितल्याप्रमाणं माझं काम सुरू झालं. खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. ताई फोनवर बोलायची, मी कानाला फोन लावून मान वाकडी करून खांद्यात धरायचे आणि दोन्ही हातांनी आईबाबांना सांगायचे. ताई हसली की मी हसायचे, ताईनं उसासा टाकला की मी टाकायचे. नुसतं सांगायचे नाही, वठवायचे. गिऱ्हाइकं थांबून बघायची. "सिनेमात जा गं पोरी," असं एक काकू म्हणाल्या होत्या.

आईला मात्र ते पुरत नसे. माझं सांगून झालं की ती विचारायची, "तोंड कसं आहे तिचं?"

"आवाज मस्त आहे."

"तोंड विचारलं मी."

"फोनमध्ये तोंड नसतं आई. आवाज असतो."

मग ती फोन माझ्याकडून घ्यायची, मागच्या बाजूनं त्याच्यावर बोटं ठेवायची आणि डोळे मिटायची. ताईच्या सासरी यंत्रमाग होते. फोनमध्ये त्यांची खडखड सतत यायची. आईची बोटं ती पकडत.

"हे तिचं आहे की मागाचं?" ती विचारायची.

"मागाचं."

"आणि हे?"

"ते पण."

ताईचे फोन हळूहळू छोटे व्हायला लागले. आधी माझ्याशी थट्टा करायची, मग नुसतं काय जेवलात, काय नाही. मी एकदा विचारलं, "ताई, पोट दिसायला लागलं का गं?"

खडखड, खडखड. मग, "गप गं, आगाऊ. आईला सांग, सगळं बरं आहे."

मी सांगितलं, सगळं बरं आहे. वर, ताई लाजली, असंही वठवून दाखवलं. आई हसली.

आणि एकदा तिनं दुपारीच फोन केला. शनिवार होता, माझी सकाळची शाळा.

"बारके, आई जवळ आहे?"

"समोरच आहे. माझ्या तोंडाकडं बघतेय."

"बाबा?"

"काजं करताहेत."

"तू जरा..." ती थांबली. मागाची खडखड तेवढी येत राहिली. "आईला सांग..."

"काय सांगू? बोल ना."

"काही नाही गं. परीक्षा कधी आहे तुझी?"

मी परीक्षेची तारीख सांगितली. आई माझे हात बघत होती. मी तिला सांगितलं, ताई माझ्या परीक्षेची चौकशी करतेय.

पाचवा महिना लागला तशी आई चोरचोळीच्या तयारीला लागली. आमच्याकडं लेकीला पाचव्यात तिच्या आईनं गुपचूप हिरवी चोळी न्यायची असते. न बोलावता, न कळवता जायचं, ओटी भरायची आणि यायचं. गाजावाजा सातव्यात. आईनं स्वतः खण निवडला. ताईचं जुनं माप होतं, पण आता अंगानं किती भरली असेल हे बघायला मिळालं नव्हतं. मग तिनं माझ्या कमरेला हात लावून, हवेत गोल काढून, मानेनंच नाही-हो करून अंदाजानं चोळी बेतली. शिवणीत आतून भरपूर कापड सोडलं. उसवून मोठी करता यावी म्हणून शिंपी ठेवतात तसं.

"फोनवर सांगू का ताईला, आपण येतोय म्हणून?" मी विचारलं.

आईनं माझ्या हातावर चापट मारली. "चोर कधी सांगून येतो का?"

आम्ही पहिल्या गाडीनं निघालो. गडहिंग्लजला गाडी बदलली, निपाणीला पुन्हा बदलली. आईनं चोळीची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. बाबांनी नवा सदरा घातला होता.

इचलकरंजीत ताईचं घर गल्लीच्या आत. पुढं दोन खोल्या, मागं मागांचं शेड. आवाज एवढा की मी पहिल्यांदाच माझ्या आईबाबांसारखी झाले, मला माझंच बोलणं ऐकू येईना. दाजी कामावर गेले होते. दारात ताईच्या सासूबाई गहू पाखडत बसल्या होत्या.

"अगंबाई, विहीणबाई! न कळवता?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बस गं पोरी. पाणी देती. काय काम काढलं?"

आई तेवढ्यात पिशवी उघडून बसली होती. नारळ, तांदूळ, वर हिरवी चोळी. सासूबाईंचं लक्ष तिकडं गेलं.

"हे कशाला आणलंय?"

"चोळी, मावशी. चोरचोळी," मी मोठ्यांदा म्हणाले. "ताईला पाचवा लागला ना."

पाणी आणायला उठलेल्या त्या तिथंच थांबल्या. मग हळूच खाली बसल्या.

"तुम्हाला सांगितलं न्हाई तिनं? रोज तुझ्याशी बोलती की फोनवर!"

"काय सांगितलं नाही?"

"अगं, पडलं ते. महिना होऊन गेला." त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पहिलटकरणीचं हुतंय असं कधी कधी. आम्हाला वाटलं, तुम्हाला कळवलं आसंल. म्हटलं, बघायला कसं कोण आलं न्हाई."

माझ्या हातांनी आपोआप उठायला हवं होतं. कुणी काही बोललं की ते उठायचेच. ते उठले नाहीत.

त्यांची गरजही पडली नाही. आतल्या दारात ताई उभी होती. हातात मागासाठी भरलेल्या सुताच्या कांड्या, केसांवर कापसाचा पांढरा भुरका. तिनं आईकडं बघितलं, मग हिरव्या चोळीकडं. आईनं ताईच्या चेहऱ्याकडं एकदाच बघितलं आणि चोळीवर टॉवेल टाकला.

ताईनं कांड्या खाली ठेवल्या. किती दिवसांनी मी तिचे हात बोलताना बघत होते.

"कधी?" आईनं विचारलं.

ताईनं सांगितलं. कुठं, कसं, रात्री की पहाटे, तेही सांगितलं. काही खुणा मला माहीत नव्हत्या. त्या दोघींच्याच होत्या, मला कधी दाखवलेल्या नव्हत्या.

"मला का नाही सांगितलंस?"

ताईनं माझ्याकडं बोट केलं. "हिच्या तोंडून? आधी हिनं हे ऐकायचं आणि मग हिनं हे तुला हातांनी करून दाखवायचं? लहान आहे ती. रोज ठरवायचे, आज सांगायचं. रोज हिचा आवाज यायचा, ताई, बोल ना. माझ्याच्यानं झालं नाही."

आईनं तिला जवळ ओढलं तशी दोघींचे हात थांबले. बाबा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मला कळेना मी कुठं बघावं. ती शनिवारची दुपार, ती सगळी खडखड, आईला लाजून दाखवलेली ताई, एकदम माझ्या अंगावर आलं.

"काय म्हणत्यात गं दोघी?" सासूबाईंनी विचारलं.

"मला नाही कळलं," मी म्हणाले.

मग चहा झाला. सासूबाई बोलत होत्या. बाई दुष्ट नव्हती. "धीराची हाय सून. पडून राहिली न्हाई. लगेच उठून कांड्या भरायला बसली. काम असलं की डोक्यात इचार येत न्हाईत." बाबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. समोरच्याचे ओठ हलले की बाबा मान हलवतात. जन्मभर त्यांनी तेच केलंय. मापात चूक काढली तरी, दुकानाचं भाडं वाढवलं तरी, मान हो म्हणून हलते.

"आता निघा, न्हाईतर निपाणीची गाडी चुकायची," सासूबाई म्हणाल्या. बाबांनी मान हलवली.

ताई उठली आणि आत गेली. आत कांड्या भरायचं मशीन सुरू झालं.

आईनं बाबांना कोपऱ्यात घेतलं. माझ्याकडं पाठ करून ती बोलत होती, पण समोरच्या कपाटाच्या आरशात मला तिचे हात दिसत होते.

"नेऊ या हिला घरी. थोडे दिवस. माझ्याजवळ झोपेल."

"पाठवतील?" बाबांनी विचारलं.

"विचारायला हवं."

"विचारणार कोण? तू? मी?" बाबांनी आपल्या तोंडावर बोट ठेवलं, कानावर ठेवलं. "ताई विचारेल तर तिलाच उद्या ऐकून घ्यावं लागेल. आणि बारकीला आता काही सांगायला लावू नकोस. आधीच पोरीवर फार घातलं आपण."

आईनं हात पदराला पुसले, चोळीची पिशवी उचलली आणि निघू या अशी मान केली. सासूबाई आमच्यासाठी चपला सरळ करून ठेवत होत्या. आतलं मशीन थांबलं नव्हतं. ताई दारापर्यंत येणार नव्हती, हे मला कळत होतं. आली असती तर गेली नसती परत.

बाबांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकला. मी त्यांचा नवा सदरा मागून धरून ओढला. ते वळले. आईही थांबली. माझ्या एका हातात पाण्याची बाटली होती, दुसऱ्या हातात नारळ. दोन्ही मी खाली ठेवलं, कारण आमच्यात बोलायचं तर हात मोकळे लागतात.

"ताई आपल्याबरोबर येतेय," मी आईबाबांना सांगितलं. "तुम्ही बसा. मी मावशींशी बोलते. हे मी तुमचं म्हणून सांगणार नाही, आणि ताईचं म्हणूनही नाही. माझं म्हणून सांगणार आहे."